अभिजात उदारमतवाद : अर्थ आणि उगम

सतराव्या शतकातील इंग्लंडपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात आणि उत्तर अमेरिकेत जी राजकीय विचारसरणी टप्प्याटप्प्याने आकाराला आली, तिला राज्यशास्त्रात अभिजात उदारमतवाद असे म्हणतात. व्यक्तीचे स्वातंत्र्य हे राजकीय जीवनातील अग्रगण्य मूल्य होय, शासनसंस्था त्या स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी असते आणि म्हणून तिची सत्ता कायद्याने बांधलेली व मर्यादित असली पाहिजे, ही या विचारसरणीची मध्यवर्ती भूमिका. आजच्या चर्चेत तिची ओळख बहुधा खुल्या बाजारपेठेचा पुरस्कार करणारे अर्थशास्त्र एवढीच करून दिली जाते. प्रत्यक्षात बाजारपेठेचा व्यवस्थित विचार तिच्यात पुष्कळ उशिरा आला. त्याआधीची शंभर-दीडशे वर्षे हा झगडा मुख्यतः कर, तुरुंग, धर्म आणि छापखाना या विषयांवर चालला होता. या सगळ्या विषयांच्या मुळाशी एकच प्रश्न होता. सत्ताधाऱ्याने माणसाच्या आयुष्यात हात घातला, तर कारण सांगण्याची जबाबदारी कोणाची? जुन्या व्यवस्थेत ती जबाबदारी प्रजेची मानली जात असे. मोकळीक हवी असेल तर अर्ज करावा, सनद मिळवावी, राजाची मर्जी संपादन करावी, अशी रीत होती. अभिजात उदारमतवादाने ही जबाबदारी सत्तेच्या गळ्यात घातली. माणूस मुळात स्वतंत्र आहे, तेव्हा बंधन घालणाऱ्याने त्या बंधनाचे समर्थन केले पाहिजे, या एका गृहीतकावर त्याची सारी इमारत उभी आहे.

मूलतत्त्वे

या विचारसरणीत स्वातंत्र्य याचा अर्थ इतरांच्या, विशेषतः शासनाच्या, जबरदस्तीचा अभाव असा घेतला जातो. पुढील काळातील विचारवंतांनी याला नकारात्मक स्वातंत्र्य म्हटले. एखाद्याजवळ प्रवासाला पैसे नाहीत ही या अर्थाने स्वातंत्र्याची हानी ठरत नाही. पण परवान्यावाचून गाव सोडण्यास त्याला मनाई केली असेल, तर ती ठरते. अशा स्वातंत्र्याचे रक्षण कायद्याच्या राज्याने होते, म्हणजे कायदा आधी जाहीर झालेला असावा, तो सर्वांना सारखा लागू व्हावा, राजा आणि त्याचे अधिकारीही त्याला बांधलेले असावेत आणि कोणत्याही माणसाला केवळ कोणाच्या लहरीखातर शिक्षा होऊ नये. शासनाची अधिसत्ता शासितांच्या संमतीतून येते, कायदे करणे, ते अंमलात आणणे आणि न्याय देणे ही कामे एकाच हाती असू नयेत, श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाची बाब आहे आणि मालमत्ता व करार यांना संरक्षण मिळाले नाही तर बाकीचे हक्क कागदावरच राहतात, ही तत्त्वे त्याच भूमिकेतून निघतात.

शासन नकोच असे अभिजात उदारमतवादी कधी म्हणाले नाहीत आणि त्यामुळे त्यांना अराज्यवाद्यांच्या पंगतीत बसवता येत नाही. बलवानापासून दुबळ्याचे रक्षण करणारी, वाद मिटवणारी, परचक्र रोखणारी संस्था त्यांना हवीच होती. ज्या हातांत ही ताकद द्यावयाची, ते हातच उद्या लुटू लागले तर काय, एवढीच त्यांची चिंता होती. लोकशाही आणि उदारमतवाद यांतही या ठिकाणी भेद करावा लागतो. सत्ता कोणी चालवावी याचे उत्तर लोकशाही देते, तर सत्ता कोणाच्याही हाती असली तरी ती कोठे थांबली पाहिजे याचे उत्तर उदारमतवाद देतो. दोन्ही प्रश्न परस्परांना पूरक असले, तरी पहिल्याचे उत्तर मिळाल्याने दुसरा आपोआप सुटत नाही.

तुरुंग, कर आणि राजाची आज्ञा

या विचाराची जन्मभूमी मानल्या गेलेल्या इंग्लंडमध्ये राजसत्तेवर मर्यादा घालण्याची परंपरा जुनी होती. 1215 मध्ये जॉन राजाकडून सरदारांनी मिळवलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेत, देशाच्या कायद्यावाचून कोणाही स्वतंत्र माणसाला कैद करू नये, असे कलम होते. मात्र ती सनद मुख्यतः सरदारांच्या गाऱ्हाण्यांतून आली होती आणि तिच्यातील कलमांचा सर्व प्रजेच्या बाजूने अर्थ लावण्याचे काम चार शतकांनंतर वकिलांनी केले.

त्या कामाला निमित्त झाले ते 1627 मधील पाच नाइटांच्या खटल्याचे. पहिल्या चार्ल्सला युद्धासाठी पैसा हवा होता आणि पार्लमेंट तो द्यायला तयार नव्हते, तेव्हा राजाने श्रीमंत प्रजाजनांवर सक्तीचे कर्ज लादले. ज्यांनी ते देण्यास नकार दिला त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. त्यांपैकी पाच जणांनी न्यायालयाकडे धाव घेऊन बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला, म्हणजे कैद्याला न्यायाधीशांसमोर हजर करून त्याच्या कैदेचे कारण सांगावे अशी मागणी केली. तुरुंगाधिकाऱ्याने दिलेल्या उत्तरात कारण एवढेच होते की राजाची तशी खास आज्ञा आहे. कैद्यांच्या वकिलांचा युक्तिवाद असा की आज्ञा हे कारण होऊ शकत नाही. गुन्हा कोणता ते सांगितल्याशिवाय न्यायालयाला कैदेची वैधता तपासताच येणार नाही आणि असे उत्तर एकदा ग्राह्य धरले, तर राज्यातला कोणताही माणूस आयुष्यभर विनाचौकशी डांबून ठेवता येईल. न्यायाधीशांनी कैद्यांना जामिनावर सोडण्यास नकार दिला, पण खटला हरूनही त्यांचा मुद्दा देशभर पोहोचला. पुढच्याच वर्षी, 1628 मध्ये, पार्लमेंटने हक्कांचा अर्ज राजापुढे ठेवला आणि त्यात पार्लमेंटच्या संमतीवाचून कर किंवा कर्ज घेऊ नये, कारण दाखविल्यावाचून कैद करू नये, लोकांच्या घरांत सैनिक उतरवू नयेत आणि शांततेच्या काळात लष्करी कायदा पुकारू नये, अशा मागण्या मांडल्या. राजाने अर्ज मान्य केला, परंतु 1629 पासून अकरा वर्षे त्याने पार्लमेंट बोलावलेच नाही. या बेबनावाची परिणती 1642 मध्ये यादवी युद्धात आणि जानेवारी 1649 मध्ये राजाच्या शिरच्छेदात झाली.

यादवी युद्धाच्या धामधुमीत या विचाराने एक महत्त्वाची झेप घेतली. पार्लमेंटच्या सैन्यातील आणि लंडनमधील लेव्हलर नावाच्या गटाने 1647 मध्ये राज्यव्यवस्थेचा एक मसुदा तयार केला व त्यावर लंडनजवळच्या पटनी येथे सैनिक आणि सेनाधिकारी यांच्यात कडाक्याचा वाद झाला. मताधिकार कोणाकोणाला द्यावा हा त्या वादाचा गाजलेला विषय. पण मसुद्यातील त्याहून दूरगामी कलम असे होते की धर्माचरणाची सक्ती, सक्तीची सैन्यभरती आणि कायद्यापुढील समानतेचा भंग या गोष्टी लोकांनी निवडून दिलेल्या पार्लमेंटलाही करता येऊ नयेत. राजाची मनमानी गेली तरी सभागृहाची मनमानी उरते, ही जाणीव येथे स्पष्टपणे शब्दांत आली. त्याच्या तीन वर्षे आधी, 1644 मध्ये, कवी जॉन मिल्टनने छपाईपूर्व परवान्याच्या पद्धतीविरुद्ध लिहिलेले प्रसिद्ध पत्रकही राजाला उद्देशून नव्हते, तर ज्याच्या बाजूने तो उभा होता त्याच पार्लमेंटला उद्देशून होते.

राजेशाही परत आल्यावर 1679 मध्ये बंदीप्रत्यक्षीकरणाला पक्क्या कायद्याचे रूप मिळाले. 1688 च्या क्रांतीत दुसरा जेम्स देश सोडून पळाला आणि 1689 च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून कायदे स्थगित करण्याचा वा कर बसविण्याचा राजाचा अधिकार संपवला. 1695 मध्ये छपाईच्या परवान्याचा कायदा मुदत संपल्यावर पुन्हा वाढवला गेला नाही, तर 1701 च्या कायद्याने न्यायाधीशांची नेमणूक राजाच्या मर्जीवर अवलंबून न ठेवता वर्तन चांगले असेपर्यंत कायम राहील, अशी तरतूद केली. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या या संघर्षात तत्त्वज्ञान थोडे आणि गाऱ्हाणी फार होती. त्या गाऱ्हाण्यांना एका सूत्रात ओवणारा तत्त्वज्ञ जॉन लॉक याच काळात घडत होता.

लॉकची मांडणी

जॉन लॉक (1632–1704) हा वैद्यकाचा अभ्यास केलेला विद्वान लॉर्ड शाफ्ट्सबरी या राजविरोधी पुढाऱ्याच्या आश्रयाला होता आणि त्या संबंधामुळेच 1683 मध्ये त्याला हॉलंडमध्ये परागंदा व्हावे लागले. त्याच वर्षी अल्जरनन सिडनी या प्रजासत्ताकवादी लेखकाला राजद्रोहाबद्दल देहान्ताची शिक्षा झाली आणि त्या खटल्यात त्याच्याच अप्रकाशित हस्तलिखिताचा पुरावा म्हणून वापर झाला. अशा काळात लॉकने शासनसंस्थेविषयीचे आपले दोन प्रबंध 1689 च्या अखेरीस निनावी प्रसिद्ध केले आणि आपण त्यांचे कर्ते असल्याची कबुली शेवटच्या आजारपणापर्यंत जाहीरपणे दिली नाही, यात नवल नाही.

पहिल्या प्रबंधात लॉकने रॉबर्ट फिल्मर याच्या मताचे खंडन केले. ईश्वराने आदमला पितृत्वाचा जो अधिकार दिला तोच वंशपरंपरेने राजांकडे आला, त्यामुळे प्रजा ही जन्मतःच मुलाप्रमाणे राजाच्या आज्ञेत असते, असे फिल्मरचे म्हणणे होते. दुसऱ्या प्रबंधात लॉक याच्या उलट टोकापासून सुरुवात करतो. शासनसंस्था नसलेल्या नैसर्गिक अवस्थेत सर्व माणसे समान व स्वतंत्र असतात आणि कोणीही दुसऱ्याच्या जीविताला, स्वातंत्र्याला किंवा मालमत्तेला धक्का लावू नये असा विवेकाला कळणारा नैसर्गिक कायदा त्यांना बांधून असतो. पण त्या अवस्थेत प्रत्येक जण स्वतःच्याच तक्रारीचा न्यायाधीश असल्यामुळे न्याय पक्षपाती होतो आणि भांडणे मिटत नाहीत. ही अडचण दूर करण्यासाठी माणसे संमतीने राजकीय समाज स्थापन करतात आणि शासनाकडे काही अधिकार सोपवतात. हे सोपवणे विश्वस्त नेमण्याच्या स्वरूपाचे असते. मालकाच्या हितासाठी नेमलेल्या विश्वस्ताने ठेव गिळंकृत केली तर त्याला काढून टाकण्याचा अधिकार मालकाकडे असतो, त्याप्रमाणे शासनाने विश्वासघात केला तर त्याला दूर करण्याचा अधिकार लोकांकडे राहतो. असा अधिकार मान्य केल्याने रोज बंडे होतील या आक्षेपाला लॉकचे उत्तर असे की माणसे सहसा पुष्कळ अन्याय निमूटपणे सोसतात. जुलमाची लांबलचक मालिका झाल्यावरच ती उठतात आणि तेव्हा बंडखोर कोण याचा विचार केला, तर कायदा मोडणारा सत्ताधारीच खरा बंडखोर ठरतो.

मालमत्तेविषयीचे त्याचे विवेचनही याच सूत्राला जोडलेले आहे. प्रत्येक माणूस स्वतःच्या देहाचा आणि श्रमाचा धनी आहे; त्यामुळे निसर्गातील सर्वांच्या मालकीच्या वस्तूत त्याने आपले श्रम मिसळले की ती त्याची होते, मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, अशी अट लॉक घालतो. मालमत्ता ही राजाने दिलेली देणगी नसून श्रमातून आलेला हक्क आहे असे एकदा ठरले, की संमतीवाचून बसवलेला कर म्हणजे माणसाच्या श्रमावर घातलेला दरोडा ठरतो. पाच नाइटांच्या तक्रारीला तात्त्विक बैठक मिळते ती येथे.

1685 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नान्तचा फतवा रद्द करून प्रॉटेस्टंट प्रजेला 1598 पासून मिळालेले संरक्षण काढून घेतले आणि लाखो लोक देशोधडीला लागले. त्या हिवाळ्यात ॲम्स्टरडॅममध्ये लपून राहिलेल्या लॉकने सहिष्णुतेवरील पत्र लिहिले. त्यातला युक्तिवाद शासनाचे कार्यक्षेत्र आखून देणारा आहे. शासनाचे साधन म्हणजे बळ. बळाने माणसाला गुडघे टेकायला लावता येतात, पण त्याच्या मनात श्रद्धा निर्माण करता येत नाही, आणि श्रद्धेवाचून केलेली उपासना हे ढोंग असल्याने तिने कोणाचाही उद्धार होत नाही. तेव्हा आत्म्याचे कल्याण हे शासनाचे काम नव्हे. या युक्तिवादाच्या कर्त्याने कॅथलिकांना आणि नास्तिकांना मात्र सहिष्णुतेच्या बाहेर ठेवले, कारण पहिल्यांची निष्ठा परक्या सत्तेशी असते आणि दुसऱ्यांच्या शपथेवर भरवसा ठेवता येत नाही, असे त्याला वाटत होते. त्याच पिढीतील डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने 1670 मध्येच याहून पुढचे पाऊल टाकून विचार व उच्चार यांचे स्वातंत्र्य राज्याच्या शांततेला बाधक नसून आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले होते.

मक्तेदारीपासून खुल्या व्यापारापर्यंत

आर्थिक स्वातंत्र्याचा विचारही मनमानी सत्तेच्या विरोधातूनच वाढला. इंग्लंडचे राजे आपल्या मर्जीतील माणसांना एखाद्या वस्तूच्या उत्पादनाची किंवा विक्रीची मक्तेदारी देत आणि त्यातून पैसा व निष्ठा दोन्ही मिळवत. एलिझाबेथ राणीने एडवर्ड डार्सी या दरबारी सेवकाला पत्ते आयात करण्याचा, बनवण्याचा आणि विकण्याचा एकाधिकार एकवीस वर्षांसाठी दिला होता. लंडनमधील टॉमस ॲलेन या व्यापाऱ्याने तो न जुमानता पत्ते विकले, तेव्हा डार्सीने त्याच्यावर दावा लावला. पत्त्यांच्या खेळाने प्रजा आळशी बनते आणि म्हणून त्या धंद्याचे नियंत्रण राणीच्या हाती असावे, असे समर्थन डार्सीच्या बाजूने करण्यात आले. न्यायालयाने एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी निकाल दिला तो ॲलेनच्या बाजूने. एडवर्ड कोक याच्या वृत्तान्तात या निकालाची जी कारणे नोंदली आहेत ती लक्षणीय आहेत: मक्तेदारीमुळे वस्तूचा भाव चढतो, तिचा दर्जा उतरतो आणि त्या धंद्यावर पोट भरणारे कारागीर देशोधडीला लागतात. अर्थशास्त्र हे शास्त्र जन्माला येण्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे, कारागिराचा पोट भरण्याचा हक्क हा कायद्याने राखावयाचा हक्क आहे, असे न्यायासनावरून सांगितले गेले. पार्लमेंटने 1624 मध्ये कायदा करून बहुतेक मक्तेदाऱ्या रद्द केल्या आणि नव्या शोधांना मुदतबंद संरक्षण तेवढे ठेवले.

फ्रान्समध्ये हाच लढा तुर्गो याने सरकारात राहून लढण्याचा प्रयत्न केला. 1774 मध्ये अर्थमंत्री झाल्यावर त्याने धान्याचा व्यापार खुला केला आणि 1776 च्या आरंभी रस्त्यांच्या कामासाठी शेतकऱ्यांकडून घेतली जाणारी वेठ आणि कारागिरांच्या बंदिस्त श्रेणी या दोन्ही रद्द करणारे हुकूम काढले. सरदार, न्यायमंडळे आणि श्रेणी यांनी एकजुटीने विरोध केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याला घरी बसावे लागले.

त्याच 1776 च्या मार्च महिन्यात ॲडम स्मिथचा राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. स्मिथच्या आधी त्याचे स्कॉटिश समकालीन डेव्हिड ह्यूम आणि ॲडम फर्ग्युसन यांनी भाषा, रूढी, चलन यांसारख्या कितीतरी संस्था कोणा एकाच्या योजनेतून न निघता असंख्य माणसांच्या व्यवहारातून घडत जातात, असे दाखवले होते. स्मिथने हा विचार उत्पादन व व्यापार यांना लावला. टाचण्यांच्या एका लहान कारखान्यात दहा माणसे कामाची वाटणी करून दिवसाला 48,000 हून अधिक टाचण्या बनवतात. त्यातल्या एकट्या माणसाने सगळे काम स्वतः करायचे म्हटले, तर त्याच्या हातून दिवसाला वीसही होणार नाहीत, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अशी श्रमविभागणी वाढत जाण्यासाठी वरून कोणी हुकूम सोडावा लागत नाही; माणसांना आपला माल आणि श्रम मोकळेपणाने देता-घेता आले की पुरे, हा त्याचा निष्कर्ष होता.

स्मिथला व्यापाऱ्यांचा कैवारी समजणे चूक ठरेल. एका धंद्यातील लोक एकत्र जमले की बोलणे भाव चढवण्याच्या मसलतीकडे वळते, असे त्याने लिहून ठेवले आहे. सात-सात वर्षांच्या उमेदवारीची सक्ती आणि गरिबाला एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात कामासाठी जाऊ न देणारा वास्तव्याचा कायदा, हे त्याच्या रोषाचे विषय होते, कारण अंगमेहनत हीच ज्याची मालमत्ता, त्याच्या मालमत्तेवर हे कायदे घाला घालत होते. ईस्ट इंडिया कंपनीवरील त्याची टीका तर मराठी वाचकाने मुळातून पाहावी अशी आहे. व्यापारी राज्यकर्ता बनला की प्रजेच्या समृद्धीशी त्याचे काही देणेघेणे उरत नाही आणि मक्तेदारीच्या जोरावर तो आपल्याच प्रजेचे उत्पादन दडपतो, असे त्याने बंगालच्या उदाहरणावरून दाखवले. 1813 च्या सनदी कायद्याने चहा व चीनशी होणारा व्यापार वगळता कंपनीची भारतातील व्यापारी मक्तेदारी संपली आणि 1833 मध्ये उरलेलीही गेली, त्यामागे या विचाराचा वाटा होता. शासनाकडे स्मिथने संरक्षण, न्याय आणि खासगी नफ्यातून उभी राहू न शकणारी सार्वजनिक कामे ही तीन कर्तव्ये ठेवली व त्यांत गरिबांच्या प्राथमिक शिक्षणाचा समावेश केला.

या विचाराची राजकीय कसोटी एकोणिसाव्या शतकात धान्य कायद्यांवरून लागली. 1815 च्या कायद्याने देशातील गव्हाचा भाव क्वार्टरला 80 शिलिंग होईपर्यंत परदेशी गव्हाची आयात बंद ठेवली होती. त्यामुळे जमीनदारांचा खंड टिकत होता आणि गिरणी कामगाराच्या घरची भाकरी महाग होत होती. मँचेस्टरमध्ये 1838–39 च्या सुमारास रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संघटनेने सभा, पत्रके आणि टपाल यांच्या साहाय्याने देश ढवळून काढला आणि आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडल्यावर 1846 मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी स्वतःच्या पक्षात फूट पत्करून हे कायदे रद्द करवले.

क्रांत्या आणि त्यांचा धडा

मॉन्टेस्क्यू याने 1748 च्या आपल्या ग्रंथात सत्ताविभाजनाचे तत्त्व मांडले होते. सत्ता हाती असलेला प्रत्येक जण ती वाढवीत जातो, म्हणून रचनाच अशी हवी की एका सत्तेने दुसरीला आवर घालावा, असे त्याचे सांगणे होते. 1776 च्या अमेरिकन जाहीरनाम्यात लॉकची आणि 1787 च्या अमेरिकन राज्यघटनेत मॉन्टेस्क्यूची छाप उघड दिसते. त्या घटनेला 1791 मध्ये जोडलेल्या हक्कांच्या दुरुस्त्यांनी तर विधिमंडळाने काय करू नये याची यादीच दिली.

फ्रान्समधील 1789 च्या जाहीरनाम्यानेही माणसाचे नैसर्गिक हक्क उद्‌घोषित केले. परंतु 1793–94 मध्ये लोकांच्या नावाने चाललेल्या दहशतीच्या राजवटीत गिलोटिनखाली हजारो माणसे मेली. या अनुभवातून बेंजामिन कॉन्स्टंट याने 1819 मध्ये पॅरिस येथे दिलेल्या व्याख्यानात एक मूलगामी भेद केला. प्राचीन ग्रीक व रोमन नगरराज्यांत स्वातंत्र्य म्हणजे सामुदायिक निर्णयात प्रत्यक्ष भाग घेणे. तेथील नागरिक चौकात सार्वभौम असे, पण घरात, धर्मात आणि धंद्यात समाजाचा गुलाम असे. आधुनिक माणसाला आपले खासगी आयुष्य आपल्या मताने जगायचे असते आणि म्हणून जनतेच्या सार्वभौमत्वालाही सीमा असली पाहिजे. मात्र खासगी सुखात रमून सार्वजनिक कामाकडे पाठ फिरवणारा समाज आपले स्वातंत्र्य गमावून बसतो, असा इशाराही त्याने त्याच व्याख्यानात दिला.

उदारमतवादी हे नाव एका राजकीय पक्षाला प्रथम मिळाले ते स्पेनमध्ये. नेपोलियनच्या सैन्याने वेढलेल्या कादिस या बंदरात 1810 पासून भरलेल्या प्रतिनिधिसभेत मर्यादित राजेशाहीच्या पुरस्कर्त्यांना ते लाभले आणि त्यांनी 1812 ची राज्यघटना तयार केली. तिच्या धर्तीवर पोर्तुगालमध्ये 1820 ची क्रांती व 1822 ची राज्यघटना आली आणि तिची लाट गोव्यापर्यंत पोहोचली. गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी निवडले गेले; त्यांतील बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा हे 1835 मध्ये गोव्याच्या प्रशासनाचे प्रमुख झालेले पहिले गोमंतकीय ठरले, परंतु काही आठवड्यांतच लष्करी उठावाने त्यांना पदच्युत केले.

जॉन स्टुअर्ट मिलच्या 1859 मधील स्वातंत्र्यावरील निबंधात अभिजात उदारमतवादाचा एक टप्पा पूर्ण होतो. इतरांची हानी टाळणे हेच सज्ञान माणसावर जबरदस्ती करण्याचे एकमेव समर्थनीय कारण होय. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी त्याला समजवावे, विनवावे, पण भाग पाडू नये, हे मिलचे हानितत्त्व. फ्रेंच विचारवंत तॉकव्हिल याच्याप्रमाणेच मिललाही राजाहून बहुमताच्या आणि लोकमताच्या जुलमाची धास्ती अधिक वाटत होती, कारण समाजाचा दाब कायद्याच्या हाताहून खोलवर, थेट मनापर्यंत पोहोचतो.

वगळलेली माणसे

या परंपरेचा सर्वांत मोठा दोष तिच्या तत्त्वांहून तिच्या पुरस्कर्त्यांच्या वर्तनात दिसतो. माणूस स्वतःच्या देहाचा धनी आहे असे सांगणाऱ्या लॉकने आफ्रिकेतून गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसा गुंतवला होता. अमेरिकन जाहीरनाम्याचा कर्ता जेफरसन गुलामांचा मालक होता. आणि 1823 ते 1858 अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी केलेल्या मिलने, आपले तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही, असे म्हणून भारताला बाहेर ठेवले. हा कलंक झाकून ठेवण्यासारखा नाही. तरीही ज्यांना वगळले, त्यांनीच या तत्त्वांची सर्वांत प्रामाणिक अंमलबजावणी मागितली. मेरी वोल्स्टनक्राफ्टने 1792 मध्ये स्त्रियांसाठी, तर गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने 1852 मध्ये आपल्या बांधवांसाठी, जाहीरनाम्यातील शब्दांचा हिशेब मागितला.

महाराष्ट्रात हेच घडले. टॉमस पेनच्या मानवी हक्कांवरील ग्रंथाचा प्रभाव पडलेल्या जोतीराव फुले यांनी 1873 मधील ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले आणि नैसर्गिक हक्कांची कसोटी थेट जातिव्यवस्थेला लावली. 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर यांचा संस्कार होता. पण इंग्लंडात व्यक्तीला शासनाचा जाच होता तर येथे जात, कुटुंब आणि रूढी यांचा, हे ओळखून त्यांनी बालविवाहासारख्या प्रश्नी संमतिवयाच्या 1891 च्या कायद्याला पाठिंबा दिला. मुलीवर लादलेली वैवाहिक सक्ती दूर करणारा कायदा स्वातंत्र्याचा संकोच करीत नाही, तो स्वातंत्र्याचा विस्तार करतो, ही त्यांची भूमिका अभिजात उदारमतवादाच्या गाभ्याशी इमान राखणारी होती. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मात्र त्याच्या आर्थिक बाजूची चिकित्सा केली. इंग्लंडच्या परिस्थितीतून काढलेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना व काळांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत आणि भारतातील उद्योग उभे राहण्यासाठी शासनाचे साहाय्य लागेल, असे त्यांनी प्रतिपादन केले.

दोन वाटा आणि एक कसोटी

रानड्यांच्या शंकेसारख्याच शंका त्या सुमारास इंग्लंडमध्येही घेतल्या जात होत्या. दारिद्र्य, अज्ञान आणि रोगराई यांत पिचलेल्या माणसाला केवळ हस्तक्षेपाचा अभाव कितपत उपयोगी, असा प्रश्न टी. एच. ग्रीन आणि त्यांच्यानंतर एल. टी. हॉबहाउस यांनी विचारला व शिक्षण, आरोग्य, कामगार-कायदे यांची जबाबदारी शासनावर टाकणारा नवा उदारमतवाद पुढे आणला. हर्बर्ट स्पेन्सरने 1884 मध्येच या वळणाला कडाडून विरोध केला होता. विसाव्या शतकात सर्वंकष सत्तांचा अनुभव आल्यावर फ्रीड्रिख हायेक यांनी 1944 मध्ये, केंद्रीय नियोजनाच्या मार्गाने गेलेला समाज राजकीय स्वातंत्र्यही गमावतो, असे बजावून जुन्या परंपरेला नवा युक्तिवाद दिला. या दोन वाटांमध्ये कोणती श्रेयस्कर हा वाद अजून चालू आहे आणि तो चालू राहणे हेच निरोगी समाजाचे लक्षण आहे.

दोन्ही वाटांचे समान भांडवल मात्र अभिजात उदारमतवादानेच दिलेले आहे आणि ते भारतीय राज्यघटनेतही उतरले आहे. अटक झालेल्या व्यक्तीला अटकेची कारणे लवकरात लवकर कळवली पाहिजेत, असे अनुच्छेद 22 सांगतो. अनुच्छेद 19 मधील स्वातंत्र्यांवर घातलेले निर्बंध वाजवी असले पाहिजेत आणि ते तसे आहेत की नाहीत हे न्यायालय तपासू शकते. शासनाने किती कामे हाती घ्यावीत याविषयी माणसांची मते वेगळी असू शकतात. पण घेतलेल्या प्रत्येक अधिकाराचे समर्थन त्याने खुल्या दरबारात केले पाहिजे आणि समर्थन अपुरे ठरल्यास माघार घेतली पाहिजे, याविषयी मतभेदाला जागा ठेवली तर स्वातंत्र्य ही पुन्हा सत्ताधाऱ्याच्या मर्जीची गोष्ट बनते. गाऱ्हाणी घेऊन उभ्या राहिलेल्या सामान्य माणसांनी, वकिलांनी आणि लेखकांनी तुरुंग, परागंदा जिणे आणि प्रसंगी प्राण यांची किंमत मोजून ही कसोटी मिळवून दिली आहे. ती आपल्या विरोधकाच्या बाबतीतही तितक्याच काटेकोरपणे लावणे, हेच या विचारसरणीचे खरे आचरण होय.